संधिवाताचा अभ्यास करायला कुठली पुस्तकं घ्यावीत, ऑनलाइन काय वाचावं?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. मी एमडी मेडिसिन, उजनीच्या पट्ट्यात एका तालुक्याच्या गावी अकरा वर्षं ओपीडी चालवतोय. आमच्या एमडीच्या वेळी कॉलेजात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ, नव्हते, त्यामुळे जे काय शिकलो ते मेडिसिनच्या हॅरिसन या पाठ्यपुस्तकातनं आणि सरांच्या राउंडवर. आता रोज पाच-सहा तरी पेशंट सांध्यांचे असतात. तज्ज्ञ पुण्याला नाहीतर सोलापूरला, पेशंटचा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं, बरोबर एक माणूस लागतो त्याचाही रोज बुडतो, मग म्हणतात डॉक्टर तुम्हीच बघा ना.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या, चाळिशीच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. दोन्ही हातांची बोटं मुळाशी आणि मधल्या पेरांत सुजलेली, मनगटं सुजलेली, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, कोयता धरला की निसटतो म्हणाल्या. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) रक्ततपासणी, निगेटिव्ह. बोलता बोलता कळलं की चार महिन्यांपूर्वी अख्ख्या वस्तीला चिकुनगुनिया होऊन गेलाय, यांनाही. आता हे त्याचंच मागे राहिलेलं दुखणं की खरोखरचा आमवात सुरू होतोय? रात्री हॅरिसन काढून बसलो, दोन्हीकडची पानं वाचली, पण या बाईचं काय करायचं ते काही मला त्यातनं मिळालं नाही.

तर विचारायचं असं की मोठा ग्रंथ घ्यावा का, घेतला तर फायरस्टीन-केली की हॉकबर्ग, का एखादं हँडबुक पुरे? पैसे भरून एखादी वेबसाइट घ्यावी का? वीसेक हजार बाजूला काढलेत. परीक्षा द्यायची नाहीये, पेशंट बघायचेत.

डीएम_दुसरं_वर्ष

सर, मी ऱ्हुमॅटॉलॉजीत डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, करतोय, दोन्ही ग्रंथ रोज हाताळतो म्हणून लिहितो.

फायरस्टीन-केली दोन खंडांत आहे, हॉकबर्गही दोन खंडांत. केलीमध्ये इम्युनॉलॉजी फार खोल आहे, एखादा सायटोकाइन (पेशींमधला निरोप्या रेणू) काय करतो ते मुळापासून समजून घ्यायचं तर केलीच. हॉकबर्गची प्रकरणं आटोपशीर, आकृत्या आणि रंगीत फोटो भरपूर, क्लिनिकमध्ये बसणाऱ्याला तेच जवळचं वाटतं. पण खरं सांगू का, तुम्ही यातलं कुठलंच नवीन घेऊ नका. ओपीडीत दोन पेशंटच्या मधे चार मिनिटं मिळतात, त्यात दोन किलोचा खंड उघडून होत नाही, आणि रात्री घरी गेल्यावर तो पेशंट समोर नसतो.

तुमच्या टेबलावर दोन पुस्तकं हवीत. एक ऑक्सफर्ड हँडबुक ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी, चौथी आवृत्ती 2018 ची. दुसरं इंडियन ऱ्हुमॅटॉलॉजी असोसिएशनचं मॅन्युअल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी. हे मॅन्युअल आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्याकडचे पेशंट बघून लिहिलंय. बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी नवी इंजेक्शनं) सुरू करण्याआधी टीबीचं काय करायचं हा प्रश्न परदेशी पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात, आपल्याला तो प्रत्येक पेशंटला पडतो.

आणि वाचायला गोडी लागावी असं वाटत असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजी सीक्रेट्स, सगळं प्रश्नोत्तरात आहे. झोपायच्या आधी पाच प्रश्न वाचले तरी वर्षात बराच पल्ला मारून होतो, माझं तसंच झालं.

ग्रंथपाल_ताई

मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत तेवीस वर्षं आहे. पुस्तकात काय आहे ते डॉक्टर सांगतील, मी पुस्तक घेताना काय बघायचं ते सांगते.

सेकंडहँड घेणार असाल तर पहिल्यांदा कव्हरच्या आतली बाजू बघा. मोठ्या ग्रंथांबरोबर ऑनलाइन आवृत्तीचा कोड येतो, लॉटरीच्या तिकिटासारखा खरवडायचा. तो एकाच माणसाच्या नावावर चालतो. आमच्या एका विद्यार्थ्याने एका दुकानातनं जवळपास नव्याच्या भावात संच आणला, दुकानदार म्हणाला ऑनलाइनसकट आहे, घरी येऊन बघतो तर कोड आधीच खरवडलेला. ते पोरगं दुसऱ्या दिवशी लायब्ररीत येऊन गप्प बसून होतं, स्टायपेंडमधनं घेतलेला संच होता.

दुसरं, झेरॉक्स काढून बाइंड केलेली पुस्तकं घेऊ नका. ती बेकायदेशीर तर आहेतच पण या विषयात ती निरुपयोगीसुद्धा आहेत. डर्मॅटोमायोसायटिस या कातडी-स्नायूंच्या आजारात बोटांच्या सांध्यांवर जे जांभळट चट्टे येतात त्यांचा फोटो झेरॉक्समध्ये काळा डाग दिसतो, नखाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या तर दिसतच नाहीत. अर्धा विषय डोळ्यांनी बघायचा आहे आणि तोच भाग जातो.

भीमाकाठ

ताई, अगदी पटलं. पण फोटोंचं निघालंच आहे तर, मला आणखी एक अडचण येते. पुस्तकातला ल्युपस या त्वचा, सांधे, किडनी धरणाऱ्या आजाराचा गालावरचा पुरळ लालभडक दिसतो. माझ्या पेशंटच्या गालावर तो काळपट-तपकिरी दिसतो, त्या स्वतः त्याला वांग म्हणतात आणि क्रीम लावत बसतात.

डीएम_दुसरं_वर्ष

बरोबर सर, बरेचसे फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आमच्या मॅडम म्हणतात रंग बघू नका, जागा बघा, नाकाच्या बाजूच्या घडीत पुरळ उतरतो का ते बघा, ल्युपसचा सहसा घडी सोडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची इमेज लायब्ररी आहे, तीही बघा, पण स्वतःच्या पेशंटचे फोटो परवानगी घेऊन जपून ठेवा, तो अल्बम कुठल्याही ग्रंथाच्या तोडीचा होतो.

कृष्णाकाठ_ते_यॉर्कशायर

मी मूळचा मिरजेचा, आता इकडे इंग्लंडमध्ये ऱ्हुमॅटॉलॉजीत आहे. पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी फुकट काय आहे ते बघा, या विषयात फुकटातलं फार चांगलं आहे.

एसीआर, म्हणजे अमेरिकन कॉलेज, आणि युलार, म्हणजे युरोपची संघटना, दोघांच्या गाइडलाइन्स कुणालाही मोफत वाचता येतात. आमवात, ल्युपस, गाउट, स्टेरॉइडने होणारी हाडांची झीज, गरोदरपणातली औषधं, सगळ्यावर आहेत. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेचीही आमवातावरची आहे, 2018 ची.

पण एकच गाइडलाइन वाचून थांबू नका, दोन शेजारी शेजारी ठेवून वाचा. उदाहरण देतो. आमवाताचा नवीन पेशंट, मेथोट्रेक्सेट हे त्याचं मुख्य औषध सुरू करताय, ते लागू व्हायला काही आठवडे जातात, तोवर थोडं स्टेरॉइड द्यायचं का? एसीआरची 2021 ची गाइडलाइन म्हणते शक्यतो देऊ नका, तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठीसुद्धा नको. युलारची 2022 ची म्हणते द्यायचा विचार करा, मात्र जमेल तितक्या लवकर कमी करून बंद करा. माहिती जवळपास तीच समोर ठेवून दोन मोठ्या संघटना दोन टोकांना. मग खालचं स्पष्टीकरण वाचायचं. एसीआरवाल्यांना भीती आहे की एकदा सुरू झालेलं स्टेरॉइड सुटत नाही, आणि त्याच परिच्छेदात ते मान्यही करतात की औषध लागू पडेपर्यंत पुष्कळदा ते द्यावंच लागतं, म्हणून शिफारस सौम्य ठेवलीय. नुसती ठळक अक्षरातली ओळ वाचणाऱ्याला हे कळणारच नाही. आपल्याकडे मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची स्ट्रिप देतो, पेशंट वर्षानुवर्षं घेत राहतो, त्यामुळे एसीआरची भीती मला आपल्या गावात जास्त खरी वाटते.

अजून एक. सांधे तपासण्याचे व्हिडिओ बघा. इकडे गाल्स नावाची छोटी तपासणी शिकवतात, चाल, हात, पाय, पाठ. आधी तीन प्रश्न: स्नायू, सांधे किंवा पाठ दुखते वा आखडते का, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मी सुट्टीला मिरजेला आलो की नातेवाइकांना हेच विचारतो, फक्त जिन्याच्या जागी खाली मांडी घालून बसता-उठता येतं का असं विचारतो.

भीमाकाठ

दोन गाइडलाइन्स शेजारी ठेवायचं सुचलंच नव्हतं कधी.

बरं, त्या ऊसतोडीच्या बाईंचे मार्क मी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातले. 2010 चे आमवाताचे निकष. सहा आले, म्हणजे आमवात पक्का का? अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी, तीसुद्धा निगेटिव्ह आलीय.

डीएम_दुसरं_वर्ष

सर थांबा, इथेच सगळे फसतात, मीही फसलोय.

त्या निकषांत दहापैकी सहा गुण लागतात. दहापेक्षा जास्त सांधे आणि त्यात एक तरी लहान सांधा असला की त्याचेच पाच गुण. सहा आठवडे किंवा जास्त दिवस झाले की एक. झाले सहा. आरए फॅक्टर नको, सीसीपी नको, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, तीसुद्धा नॉर्मल चालेल. म्हणजे चिकुनगुनियानंतर बोटं, मनगटं, घोटे धरलेला कुठलाही माणूस दीड महिन्यात या निकषांत बसतो.

पण मूळ पेपर उघडून बघा, तक्त्याच्या आधीच एक अट आहे: सांध्यांची सूज दुसऱ्या कुठल्या आजाराने जास्त चांगली समजावता येत नसेल तरच हे गुण मोजायचे. कॅल्क्युलेटरमध्ये ही अट बारीक अक्षरात असते आणि आपण थेट बटणं दाबतो. शिवाय हे निकष संशोधनात सारखे पेशंट गोळा करायला, वर्गीकरणासाठी केलेत, निदानाचा शिक्का मारायला नाहीत. ल्युपसचे 2019 चे निकष पण तसेच, तिथे एएनए ही रक्ततपासणी 1:80 ला पॉझिटिव्ह असली की दार उघडतं, पण तितकं एएनए धडधाकट माणसांतही सापडतं.

म्हणून डिजिटलमध्ये माझा नियम असा, कॅल्क्युलेटर वापरायच्या आधी ज्या पेपरवरून तो बनवलाय तो एकदा, फक्त एकदा, पूर्ण वाचायचा.

कृष्णाकाठ_ते_यॉर्कशायर

चिकुनगुनियासाठी तुम्हाला परदेशी पुस्तक धुंडाळायची गरजच नाही हो डॉक्टर. तुमच्या शेजारचं भिगवण या विषयात जगभर माहीत आहे. 1996 साली तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, डब्ल्यूएचओ आणि इलार या जागतिक संधिवात-संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली, पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रांनी केली. खेड्यातल्या माणसाचं काय दुखतं याची आपल्याकडची आकडेवारी त्यातनं मिळाली. आणि 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर त्यांच्याच गटाने महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तो पेपर 2012 मध्ये एपिडेमिऑलॉजी अँड इन्फेक्शनमध्ये आलाय. बहुतेकांचं दुखणं निवळलं, थोड्यांचं लांबलं. तुमच्या बाईंसाठी तोच वाचा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर चिकुनगुनिया, आर्थ्रायटिस आणि इंडिया एवढे तीन शब्द टाकले तरी बरंच हाताला लागतं.

भीमाकाठ

भिगवण! अहो मी तिथे मासे खायला जातो. फ्लेमिंगो बघायला मुलांना नेतो. हे काम तिथे झालंय हे कुणी शिकवलं नाही.

ग्रंथपाल_ताई

पबमेडवरचे सगळेच पेपर पूर्ण उघडत नाहीत, पबमेड सेंट्रलवर जे असतात ते पूर्ण आणि मोफत. त्याच घरातलं एनसीबीआय बुकशेल्फ आहे, तिथे स्टॅटपर्ल्सची प्रकरणं फुकट आहेत. ती पटकन उजळणीला ठीक, मात्र सगळी सारख्या दर्जाची नाहीत. स्तनपान चालू असलेल्या बाईला कुठलं औषध चालतं ते बघायला लॅक्टमेड, तेही तिथेच.

जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झालीत. पण ते संस्थेतल्या लोकांसाठी आहे, खासगी प्रॅक्टिसवाल्याला घरी बसून मिळत नाही, आणि त्यात जर्नल्स आहेत, ग्रंथ नाहीत. तुमचं जुनं कॉलेज सरकारी असेल तर लायब्ररीत जाऊन ग्रंथपालांना भेटा, बसून वाचायची सोय होते का विचारा. आमच्याकडे असे बाहेरचे दोन-तीन डॉक्टर शनिवारी येतात, मी त्यांच्यासाठी खिडकीजवळचं टेबल ठेवते.

आणि एक कळकळीची विनंती. चॅटबॉटला विचारून पेपरांची नावं आणू नका. वर्षभरात माझ्याकडे कितीतरी चिठ्ठ्या अशा आल्या की जर्नल खरं, वर्ष खरं वाटणारं, पान नंबरसुद्धा आहेत, आणि त्या पानावर भलताच लेख. मी तासन्‌तास शोधत बसते आणि मग कळतं की असा पेपर कधी लिहिलाच गेला नाही.

भीमाकाठ

आणि ते अपटूडेट, डॉक्टरांसाठीची वेबसाइट? वर्गणी बरीच आहे, घ्यावी का?

डीएम_दुसरं_वर्ष

परवडत असेल तर चांगलं आहे, मेडिसिनचे बाकीचे पेशंट पण बघता म्हणून तुम्हाला वसूल होईल. फक्त सांध्यांसाठी घेऊ नका म्हणेन. वापरताना एक बघा, प्रत्येक विषयाच्या वर दोन तारखा असतात. एक असते अमुक महिन्यापर्यंतचं संशोधन बघितलंय अशी, ती सगळ्या पानांवर नवीच दिसते. दुसरी असते हे पान शेवटचं कधी बदललं ती. आपल्याला दुसरी महत्त्वाची.

तारखांचं एवढं का म्हणतोय, तर छापील केलीची 11वी आवृत्ती 2020 ची. 2021 या एका वर्षात अमेरिकेत ल्युपस नेफ्रायटिससाठी (ल्युपसने किडनीला येणारी सूज) व्होक्लोस्पोरिन, ल्युपससाठी अ‍ॅनिफ्रोलुमॅब आणि व्हॅस्क्युलायटिससाठी (रक्तवाहिन्यांची सूज) अव्हाकोपॅन मंजूर झालं, आणि टोफासिटिनिबसारख्या आमवातावरच्या जॅक औषधांवर हृदयविकार, गुठळ्या, कॅन्सर यांचा वाढीव इशारा छापायला लावला. हे निर्णय त्या आवृत्तीत असू शकत नाहीत. आता 12वी आलीय, तिचंही हेच होणार.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या पण आजाराचं वर्णन, तपासणी, एक्स-रे यासाठी. डोस त्यातनं घेऊ नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या आमवात-ल्युपसच्या गोळीचंच बघा ना, जुन्या पुस्तकांत किलोमागे साडेसहा मिलिग्रॅम सापडेल, आदर्श वजनावर. 2016 मध्ये अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने ते पाचवर आणलं, प्रत्यक्ष वजनावर, डोळ्याच्या पडद्यासाठी. आपल्याकडची चाळीस किलोची बाई म्हणजे दिवसाला 200, आणि तिला सर्रास 400 लिहिलेलं असतं.

मोगरा

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, चौदा वर्षं आमवात. सगळं वाचतेय, अर्धं कळलं. माझ्यासारख्यांनी काय वाचायचं तेही कुणीतरी सांगा ना. मराठीत शोधलं की एकतर टोमॅटो बंद करा नाहीतर तेलाच्या जाहिराती.

आणि एक सांगायचंय. माझ्या सासूबाईंनाही हाच आजार. त्यांना मेथोट्रेक्सेट दिलं, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं. मी बाळंतपणाला माहेरी होते, घरात वाचणारं कुणी नाही, त्यांनी बाकीच्या गोळ्यांबरोबर तीही रोज घेतली, नऊ दिवस. तोंड इतकं सोललं की पाणी गिळवेना, पेशी खाली आल्या, अकरा दिवस दवाखान्यात. वाचल्या. पण आजही ती पिवळी गोळी बघितली की हात मागे घेतात.

कृष्णाकाठ_ते_यॉर्कशायर

मोगराताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ही चूक जगभर होते, माणसं दगावतात. इकडे 2020 मध्ये औषध नियामकांनी पुन्हा बजावलं की घ्यायचा वार चिठ्ठीवर पूर्ण शब्दात लिहा. आणि आम्ही एकाच ताकदीच्या, अडीच मिलिग्रॅमच्याच गोळ्या देतो, म्हणजे अडीच आणि दहाची अदलाबदल होत नाही. आपल्याकडे पाच, साडेसात, दहा, पंधरा सगळ्या मिळतात म्हणून जास्त जपायचं.

पेशंटसाठी इंग्लंडच्या आर्थ्रायटिस यूके (पूर्वीचं नाव व्हर्सस आर्थ्रायटिस) या संस्थेच्या पुस्तिका साध्या इंग्रजीत, मोफत आहेत, औषधागणिक वेगळी पुस्तिका. अमेरिकेचं मेडलाइनप्लस पण चांगलं, सरकारी आहे, जाहिरात नाही. मराठीत मात्र खरंच कमी आहे.

मोगरा

मग तुम्ही डॉक्टर लोक लिहा ना मराठीत. एक पान तरी.

भीमाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. हँडबुक आणि मॅन्युअल दोन्ही आली, टेबलावर डाव्या हाताला असतात. जुन्या हॉकबर्गचा संच फोटोंसाठी सेकंडहँड मिळाला, कोड खरवडलेलाच होता पण तो सांगून-सवरून त्या हिशेबाने स्वस्तात घेतला. अपटूडेट सध्या नाही. दोन्ही गाइडलाइन्स छापून फाइल केली. पुढच्या शनिवारी जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत जातोय.

त्या बाईंची सूज कमी आहे, मूठ निम्मी वळते. पुण्याच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांशी फोनवर बोललो, फोटो पाठवले, सध्या आमवात म्हणून लेबल लावायचं नाही, सहा आठवड्यांनी परत सांधे मोजायचे असं ठरलंय. गळीत हंगामाला टोळीबरोबर जायच्या आधी त्या येऊन जातील.

मोगराताई, तुमच्या सांगण्यावरून हे केलंय, ओपीडीत उद्यापासून प्रत्येक पाकिटाला चिकटवणार. बघा बरोबर आहे का:

"ही गोळी रोज घ्यायची नाही. आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, जेवण झाल्यावर. रविवारी विसरलात तर दोन एकदम घेऊ नका, फोन करा. तोंड आलं, ताप आला, धाप लागली तर गोळी थांबवून लगेच या. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर ही गोळी घेण्याआधी सांगा."

मोगरा

डॉक्टर, छान झालंय. फक्त सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या वाचता न येणाऱ्याने काय करायचं? आमच्याकडे रविवारी बाजार असतो, तर "बाजाराच्या दिवशीची गोळी" असं तोंडी सांगा म्हणाल्या. तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी?

भीमाकाठ

गुरुवारी. बदलतो. आणि पाकिटावर बाजाराच्या पिशवीचं चित्र काढून घेतो मुलीकडनं.